काळूची काळी नखं आणि तार कापायची पक्कड

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देत आहोत:

"आमचा काळू चार वर्षांचा, गावठी, अंगानं तगडा. आधी दिवसभर वावरात असायचा. दोन वर्षांपूर्वी घर बांधलं, फरशी बसवली, आणि शेजारच्या कोंबड्या मारतो म्हणून आता दिवसा पोर्चमध्ये बांधून ठेवावा लागतो. नखं एवढी वाढली की चालताना टकटक वाजतात, फरशीवर पाय घसरतो. माझ्या दिरानं तार कापायच्या पक्कडीनं उजव्या पुढच्या पायाचं एक नख कापलं तर रक्त लागलं. हळद दाबली, तरी थांबेना. तेव्हापासून पंजाला हात लावू देत नाही, गुरगुरतो. सासरे म्हणतात, गावच्या कुत्र्याची नखं कोण कापतं, ती आपोआप झिजतात. मोबाइलवर तीन तऱ्हांची नेलकटर दिसतात, दीडशेपासून हजारापर्यंत. कोणतं घेऊ? आणि नखं सगळी काळी आहेत, तर कुठवर कापायचं ते कळणार कसं?"

ताई, सासऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते वावरातल्या काळूबद्दल आहे. मुरमाच्या रस्त्यानं, धुऱ्यावरून, ढेकळांतून दिवसभर फिरणाऱ्या कुत्र्याची नखं खरोखरच झिजतात. गुळगुळीत फरशीवर नख झिजत नाही, नुसतं घसरतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातही झीज होत नाही, म्हणून श्रावण-भादव्यात वावरात जाणाऱ्या कुत्र्याचीही नखं वाढलेली दिसतात. शिवाय पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, वर चढवलेलं एक पाचवं नख असतं. ते जमिनीला टेकतच नाही, तेव्हा ते कितीही फिरवलं तरी झिजायचं नाही. गोल वळत वळत शेवटी कातडीत किंवा पंजाखालच्या मऊ गादीत रुततं. काळूचं ते नख आजच बघा. मागच्या पायांनाही असं नख असेल (गावाकडे अशा कुत्र्याचं 'वीसनख्या' म्हणून कौतुक होतं), तर तेही बघा. बहुतेक कुत्र्यांना मात्र अठराच नखं असतात.

कापायची गरज आहे का, हे ठरवायला सोपी खूण आहे. काळू सपाट फरशीवर सरळ उभा असताना नखाच्या टोकाखालून लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकला, तर नखं ठीक आहेत. अडला, तर वाढलेली आहेत. तुमच्याकडे टकटक वाजतं म्हणजे गादीच्या आधी नख टेकतं, आणि पाय घसरतो तो त्यामुळेच. पकड गादीची असते, नखाची नाही. लांब नख बोटाला वर ढकलतं, बोटं फाकतात आणि कुत्रं अंगाचा भार मागे टाकून चालायला लागतं.

आता रक्त का आलं ते. नखाच्या आत जिव्हाळी असते. आपल्या नखाखाली असते तशीच, फक्त कुत्र्याच्या नखात ती नळीतल्या वातीसारखी मधोमध पुढपर्यंत गेलेली असते. तिच्यात रक्तवाहिनी आहे आणि दुखणं कळवणारी नसही. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की नख वाढतं तशी जिव्हाळीही पुढे सरकते. दोन वर्षं न कापलेल्या नखात ती टोकाच्या बरीच जवळ आलेली असणार. म्हणून काळूची नखं एका रविवारी बसून 'व्यवस्थित' आखूड करायचा विचार सोडून द्या. तेवढं कापलं तर अठराही नखांतून रक्त येईल. दर आठवड्याला टोकाचं थोडंसं काढत राहिलं, तर जिव्हाळी हळूहळू मागे हटते आणि काही आठवड्यांनी नख पाहिजे तेवढं आखूड होतं. दिराच्या हातून दोन चुका झाल्या. एक म्हणजे एका घावात खूप कापलं, आणि दुसरी ती पक्कड.

तारेची पक्कड दोन्हीकडून समोरासमोर दाबते. तार मऊ धातूची असते, तुटते. कुत्र्याचं नख गोल आणि थरांचं बनलेलं असतं. ते आधी चेपतं, मग उभं चिरतं, आणि चेपताना आतली जिव्हाळी दाबली जाते. म्हणजे नख तुटायच्या आधीच कुत्र्याला कळ येते. भोथऱ्या नेलकटरनंही हेच होतं. बरीच कुत्री नख कापायला नव्हे, तर या दाबाला घाबरलेली असतात. माणसाचं नेलकटर चपट्या नखासाठी असतं. महिना-दीड महिन्याच्या पिल्लाच्या पातळ टोकाला चालतं, काळूसाठी नाही.

तुम्ही पाहिलेल्या तीन तऱ्हांपैकी पहिलं भोकाचं असतं. वर एक कडं, त्यात नख घालायचं, दांडा दाबला की पातं सरकत येऊन कापतं. लहान, पातळ नखांना बरं. काळूचं जाड नख त्यात अडेल, पातं लवकर भोथरं होईल आणि गोल वळलेलं पाचवं नख तर भोकात जाणारच नाही. कोणी असं कटर आधीच घेतलं असेल, तर सरकणाऱ्या पात्याची बाजू आपल्याकडे आणि कड्याची बाजू कुत्र्याकडे ठेवावी. कड्याच्या जाडीएवढं नख वाचतं.

दुसरं पक्कडीच्या आकाराचं, पण पाती अर्धगोल आणि एकमेकांना कापत जाणारी. तुम्ही हेच घ्या, मध्यम ते मोठ्या कुत्र्याचं. महागातलं नको, पण अगदी स्वस्तातलंही नको. त्याची पाती दोन-चार महिन्यांत ढिली होतात. हातात आलं की मिटवून उजेडासमोर धरा. दोन पात्यांमधून उजेड दिसला किंवा खिळ्याजवळ खुळखुळ वाटली, तर परत पाठवा. दांड्याला रबर असावं, कारण हाताला घाम येतो आणि ऐन वेळी दांडा निसटतो. पात्यामागे एक छोटी पट्टी असते, 'जास्त नख कापलं जाऊ नये' म्हणून. तिच्या भरवशावर राहू नका. तुमच्या काळूची जिव्हाळी कुठवर आली आहे, हे त्या पट्टीला ठाऊक नसतं. उलट ती मध्ये आली की नख दिसत नाही. फिरवून बाजूला करून ठेवा.

धार तपासायला कोंबडीचं पीस घ्या. पिसाची दांडी आणि नख एकाच जातीच्या पदार्थाचे असतात. दांडीचा जाड, पोकळ बुडखा कटरमध्ये धरून कापा. छेद गोल, स्वच्छ आला आणि 'टच्' असा एकच आवाज झाला, तर धार चांगली आहे. दांडी चपटी झाली, कडेला चिरली किंवा धागे लोंबले, तर तेच नखाचं होणार. दर दोन-तीन महिन्यांनी ही परीक्षा घ्यावी. धार गेली तर धारवाल्याच्या चाकावर लावू नका. पात्यांचा कोन बदलतो, मग ती एकमेकांना टेकत नाहीत. नवं कटर घ्या. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ह्या कटरनं वायर, सुतळी, पिशवी काहीही कापायचं नाही. काम झालं की पुसून खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, हिवाळ्यात थिजतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे ग्राइंडर, फिरत्या खरखरीत रुळानं नख घासणारं. रक्त यायची भीती यात कमी, पण घरघर आवाज आणि थरथर असते. एका जागी धरलं तर नख तापतं, म्हणून दोन-तीन सेकंद टेकवायचं, उचलायचं. आधीच बिथरलेल्या कुत्र्याला याची सवय लागायला वेळ लागतो. सध्या तुमचे पैसे वाचवा.

काळ्या नखात जिव्हाळी बाहेरून दिसत नाही, मोबाइलचा टॉर्च लावूनही नाही. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, तिथं तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबलं की काम झालं. काळ्या नखासाठी दोन खुणा आहेत. पहिली, नख खालून बघायची. पंजा उलटा करून पाहिलं की टोकाकडे नखाच्या पोटात एक खाच दिसते, आंब्याच्या कोयीला फुटलेल्या भेगेसारखी. जिथवर ती पोकळ खाच आहे, तिथवर नख मेलेलं असतं. जिथं ती भरून नख भरीव होतं, तिथून जिव्हाळी जवळ आली समजा. दुसरी खूण कापलेल्या तोंडावर दिसते. एका वेळी रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढीच चकती काढा, आणि प्रत्येक चकतीनंतर नखाचं कापलेलं तोंड बघा. सुरुवातीला ते पांढुरकं, कोरडं, खडूसारखं भुरभुरीत दिसेल. पुढच्या चकतीला गुळगुळीत, गडद होईल. मग बरोबर मधोमध एक ठिपका दिसायला लागेल, करडा किंवा काळा, थोडा ओलसर. ठिपका दिसला की थांबायचं, मग ती पहिलीच चकती का असेना. काळूच्या काही नखांना पहिल्या आठवड्यात एकच चकती निघेल, आणि तेवढी पुरे.

छेदाची दिशा लक्षात ठेवा. काळू उभा राहिल्यावर नखाचं कापलेलं तोंड जमिनीकडे वळलेलं असावं, समोर नाही. म्हणजे कटर तिरपं धरायचं, नखाच्या खालच्या वळणाला धरून, साधारण ४५ अंशांत. पंजा धरताना बोट चिमटीत घ्या. आपला अंगठा खालच्या गादीवर, तर्जनी वरून, नखाच्या अलीकडे. अंगठ्यानं गादी हलकी वर ढकलली की नख आपोआप पुढे येतं. पूर्ण पंजा मुठीत आवळू नका, आणि पाय बाहेरच्या बाजूला ओढू नका. कुत्र्याचा पाय मागे-पुढे वळतो, बाजूला फारसा नाही. मागचा पाय सरळ मागे घ्या, नालबंद घोड्याचा घेतो तसा. अर्ध्या झटापटी पाय चुकीचा ओढल्यामुळेच होतात.

कापायची वेळ सकाळी किंवा उन्ह कललं की, ओट्यावर, पूर्ण उजेडात. अंघोळीनंतर नख थोडं मऊ असतं, तेव्हा चिरत नाही. उन्हाळ्यात कोरडं, कडक नख कापायचं तर आधी पाच मिनिटं ओलं फडकं पंजाला गुंडाळून ठेवावं.

कटर हातात घ्यायच्या आधी तुरटी तयार ठेवा. न्हाव्याकडे असते तीच, किराणा दुकानात मिळते. सुपारीएवढा खडा खलबत्त्यात अगदी बारीक कुटा आणि झाकणाच्या कोरड्या डबीत भरा. रक्त आलं, तर बाटलीच्या झाकणात चमचाभर पूड घ्या, नखाचं टोक त्यात दाबून धरा आणि घड्याळ बघून तीन मिनिटं उचलू नका. मध्येच 'थांबलं का' म्हणून बघितलं की धरलेली गुठळी निघते. तुरटी थोडी झोंबते, काळू पाय ओढेल, तयारीत राहा. तुरटी नसली तर कॉर्नफ्लोअर किंवा गव्हाचं पीठ चालतं, पण हळूहळू. तुमच्या हळदीचा दोष नाही. नखाच्या नळीतलं रक्त थांबतं ते मुख्यतः दाबानं, आणि घाबरून आपण दाबच धरत नाही. घरचा कापूस लावू नका. त्याचे तंतू गुठळीत अडकतात आणि काढताना पुन्हा रक्त येतं. स्वच्छ सुती फडकं बरं. चुना, तंबाखू, रॉकेल, शेण यातलं काहीच नको. त्या दिवशी गोठ्यात आणि चिखलात जाऊ देऊ नका. पावसाळ्यात माश्या उघड्या जखमेवर अंडी घालतात, म्हणून दोन-तीन दिवस नखाच्या मुळाशी सूज किंवा वास आहे का ते पाहा.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. जिव्हाळी कापली गेली तरी नीट दाब धरल्यावर पाच-दहा मिनिटांत रक्त थांबायला हवं. वीस मिनिटं दाबूनही ठिबकत राहिलं, तर चूक नेहमी कटरचीच नसते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, आणि घुशी-उंदरांसाठी ठेवलेलं काही प्रकारचं औषध खाल्लेल्या कुत्र्याचंही रक्त गोठत नाही. काळूला गोचीड असतील, जेवण कमी झालं असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा नाकातून रक्त आलं असेल, तर नखं बाजूला ठेवून आधी दवाखाना. पत्रात 'थांबेना' एवढंच आहे, किती वेळ ते नाही. म्हणून कटर येईपर्यंत कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का ते बघून घ्या.

आता काळूची भीती. सध्या त्याच्या लेखी पंजाला लागलेला हात म्हणजे कळ. धरून, दोरी बांधून, चौघांनी दाबून नखं कापता येतात, पण ते एकदाच. पुढच्या वेळी कटर दिसताच तो चावेल. तोंडाला फडकं बांधायचा सल्ला कोणीतरी देईलच. फडक्यानं तोंड बांधलं की कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि धापा हीच त्याची अंग गार ठेवायची मुख्य वाट. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात ते जीवघेणं ठरू शकतं. गरज पडलीच तर जाळीचं मुस्कं वापरा, ज्यात तोंड उघडतं.

त्याऐवजी पंजाला हात न लावता काम सुरू करता येतं. हार्डवेअरच्या दुकानातून ८० नंबरचा पॉलिश पेपर आणा. दोन फूट लांब आणि आठ-दहा इंच रुंद फळी घ्या, जुन्या दाराची चालेल, आणि तिच्यावर तो पेपर फेविकॉलनं चिकटवा. कडा खाली दुमडून बारीक खिळे मारा, पण खिळ्यांची डोकी वर येऊ देऊ नका. रात्रभर वाळू द्या. मग फळी जमिनीवर ठेवून तिच्या वरच्या टोकाशी उकडलेल्या अंड्याचा तुकडा आपल्या मुठीखाली झाका. काळू हुंगेल, चाटेल, आणि कधीतरी पंजानं उकरेल. ज्या क्षणी पंजा पेपरवरून खाली ओढला गेला, त्या क्षणी तुकडा द्या. दोन-तीन दिवसांत त्याला कळतं की खरवडलं की अंडं मिळतं. मग फळी भिंतीला तिरपी टेकवून पायानं घट्ट धरा. एका पायाला आठ-दहा ओरखडे, दिवसाआड, एवढंच. जास्त केलं तर गादी सोलते. प्रत्येक वेळी गादी लाल झाली का बघा. यानं पुढच्या पायांची मधली दोन नखं चांगली झिजतात, कडेची थोडी कमी, आणि पाचवं अजिबात नाही. मागच्या पायांसाठी ही युक्ती फारशी चालत नाही.

ही फळी चालू असतानाच हाताची सवय लावा. पहिले तीन-चार दिवस फक्त खांद्यापासून पंजापर्यंत हात फिरवायचा, एक तुकडा द्यायचा, सोडून द्यायचं. मग बोट चिमटीत धरायचं. मग कटर जवळ ठेवून त्याच्यासमोर पिसाची दांडी कापायची, आवाज झाला की तुकडा. मग कटर नखाला नुसतं टेकवायचं. गुरगुरला तर रागवू नका. गुरगुरणं बंद केलेलं कुत्रं न सांगता चावतं. त्या दिवशी एक पायरी मागे जा. तुकडे हरभऱ्याएवढेच हवेत. उकडलेलं अंडं, उकडलेली कलेजी, कोरडी भाकर, काहीही चालेल. झुणका लावलेली भाकर मात्र नको, त्यात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला बाधतो. मनुकाही नको. शांत व्हावा म्हणून माणसाची झोपेची गोळी किंवा दुखण्याची गोळी मुळीच देऊ नका. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीही कुत्र्याला विषारी ठरू शकते.

आणि हे करताना दात किंवा नख लागून कातडी फुटलीच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, वर तिखट-चुना काही न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. काळूला रेबीजची लस दरवर्षी दिलेली असली तरीही दाखवा. दिली नसेल तर नखांच्या आधी ती देऊन घ्या.

पाचवं नख गादीत किंवा कातडीत रुतलेलं निघालं, एखादं नख मुळापासून चिरून लोंबत असलं, बोट सुजून पू आला असला, तर घरी हात घालू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथं भूल देऊन कापायची सोय नसली तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. भूल दिली असेल, तर त्याच भुलेत सगळी नखं कापून द्यायला सांगा, आणि डॉक्टर कुठवर कापतात ते शेजारी उभं राहून बघा.

काळूनं कटर टेकवू दिलं की पहिल्या दिवशी एकच नख, एकच चकती. पाच-सहा दिवसांनी एका पंजाची. पुढे दर आठवड्याला चारही पंजे, आणि नखं फरशीवर वाजेनाशी झाली की तीन-चार आठवड्यांतून एकदा. पाचवं नख दर वेळी आधी कापा, म्हणजे विसरत नाही. सुरुवात मागच्या डाव्या पायापासून करा. कुत्र्यांना मागच्या पायाला हात लावलेला पुढच्यापेक्षा कमी खटकतो. रक्त आलेला उजवा पुढचा पंजा सगळ्यात शेवटी, आणि पहिला महिनाभर तो दिराच्या हातात देऊ नका.